फोडणे, उघडणे आणि खोलणे

(तृतीय वर्ष, कला)

मराठीत कुलपाशी जोडलेली तीन क्रियापदे आहेत. चोर कुलूप फोडतो, घरधनी कुलूप उघडतो आणि कारागीर कुलूप खोलतो. उघडणे आणि खोलणे ही दोन्ही एकच, असे कोणी म्हणेल. हिंदीत ती एकच आहेतही. परंतु विहिरीवरची मोटर 'खोलली' असे आपल्याकडचा शेतकरी सांगतो, किंवा गाडीचे इंजिन 'खोलले' असे गॅरेजमधला मिस्त्री सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो. वस्तूचे भाग सुटे करायचे, कोणता भाग कशासाठी आहे ते पाहायचे, बिघाड शोधायचा आणि वस्तू पुन्हा होती तशी जोडायची, एवढा सारा उद्योग त्या एका शब्दात आला. फोडणाऱ्याला आतल्या मालाशी काम असते, उघडणाऱ्याला दाराशी. खुद्द कुलपाशी काम असते ते फक्त खोलणाऱ्याला.

हा शब्दांचा काथ्याकूट मी उगाच करीत नाही. आपल्या शिक्षणात पहिल्या दोन क्रियांची रेलचेल आहे आणि तिसरी जवळजवळ नाहीशी झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षा जवळ आली की आपण काय करतो ते आठवा. गाईड नावाची तयार किल्ली विकत आणतो. कवितेचा आशय पाच मुद्द्यांत, कादंबरीतील व्यक्तिचित्रण सात ओळींत. ती किल्ली एका प्रश्नाला बरोबर लागते. परीक्षकाने प्रश्न जरासा फिरवून विचारला की तीच किल्ली अडते. ज्यांना एवढीही तसदी नको असते त्यांच्यासाठी पेपरच फुटतो. 'पेपर फुटणे' हा शब्दप्रयोग कोणी व्याकरणकाराने बसून तयार केलेला नाही. लोकांनी चोरीच्या क्रियापदाशीच त्याचे नाते जोडले आहे. उघडणे आले, फोडणे आले. खोलणे मात्र कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.

आता कुणी म्हणेल, खोलाखोली हे आयटीआयवाल्यांचे काम, फार तर विज्ञान शाखेचे. आर्ट्सच्या विद्यार्थ्यांना त्याच्याशी काय कर्तव्य? वास्तविक शब्द खोलण्याचा धंदा पिढ्यान्पिढ्या आपलाच आहे. संधी सोडवणे, समासाचा विग्रह करणे, श्लोकाचा पदच्छेद करून मग अन्वय लावणे, ही दुसरे काय आहेत? कुलपाचेच उदाहरण घ्या. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला आणि येताना त्यातील अक्षरांनी जागा बदलल्या. 'चावी' पोर्तुगीजांनी दिली. 'टाळे' संस्कृत 'तालका'शी नाते सांगते. 'लिव्हर' इंग्रजीतून आली. शाळेच्या पुस्तकात तिलाच आपण 'तरफ' म्हणून शिकलो. एका दारावर चार भाषा लटकलेल्या आहेत, आणि हे कळले की आपल्याला मोठा आनंद होतो. माझी तक्रार एवढीच, की आपण तिथेच थांबतो. शब्द खोलतो, वस्तू बंदच ठेवतो.

मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक कुलूप खोलले. आमच्या खोडदच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे; तिच्यात ते पडून होते. पितळी, हाताच्या पंज्यात मावेल न मावेल एवढे. पूर्वी ते धान्याच्या खोलीला असे. कंपनीचे नाव झिजून गेले होते. 'सहा लिव्हर' एवढेच वाचता येत होते. किल्ली सुतळीने त्यालाच बांधलेली. मौज अशी, की स्वतःची किल्ली जवळ असूनही ते उघडत नव्हते. मी कानस आणि हातोडी घेऊन अंगणात बसले तेव्हा आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं हे काय आरंभलंय? आन् कुलपं खोलाया शिकून दरोडं घालायचंत का काय?" तिच्या या दोन्ही प्रश्नांकडे मी पुढे येणार आहे. आधी आत काय होते ते सांगते.

कुलपाच्या चार कोपऱ्यांवरील रिबिटांची डोकी कानशीने घासून काढली, जाड खिळ्याने रिबिटे मागे ठोकली आणि वरचा पत्रा अलगद उचलला. प्रथम दिसली ती माती. कुंभारीण माशीने किल्लीच्या भोकातून आत जाऊन घर केले होते. ते खरवडून काढल्यावर दिसला अडसर. वाड्याच्या दाराला आतून घालतात तसाच, पण बोटाच्या पेराएवढा. तो सरकून कडीच्या खाचेत बसला की कुलूप लागले, मागे आला की सुटले. या अडसराच्या पाठीवर एक खुंटी, आणि त्या खुंटीच्या वाटेत एकावर एक रचलेल्या सहा पातळ पितळी पट्ट्या. याच त्या लिव्हर. प्रत्येक पट्टी एका टोकाला खिळ्यावर फिरते आणि एक बारीक स्प्रिंग तिला खाली दाबून धरते. प्रत्येक पट्टीला मधोमध खिडकी आहे आणि खिडकीच्या काठात एक अरुंद खाच. सहाही पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच खुंटी त्यातून पार होते, आणि खुंटी पार झाली तरच अडसर हलतो.

खाचा मात्र सारख्या उंचीवर नाहीत. एक पट्टी थोडी उचलावी लागते, दुसरी जास्त, तिसरी अगदी नखभर. किल्लीचे दाते कमीजास्त उंचीचे असतात ते याच हिशेबाने. मला सर्वांत विलक्षण वाटली ती गोष्ट अशी, की पट्टी कमी उचलली तरी खुंटी अडते आणि जास्त उचलली तरीही अडते. जोर लावून काही होत नाही. प्रत्येकीला तिच्या मापानेच उचलावे लागते. ही युक्ती रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराची. १७७८ साली त्याने तिचे पेटंट घेतले. त्याआधीच्या बहुतेक कुलपांत नुसत्या स्थिर आडकाठ्या असत. त्या चुकवील असा बारीक आकडा घातला की काम भागे. बॅरनने अडथळाच हलता केला. प्रत्येक पट्टीला पाच निरनिराळ्या उंची देता येतात असे धरले, तर सहा पट्ट्यांत पाचाचा सहावा घात, म्हणजे १५,६२५ निरनिराळ्या किल्ल्या होतात. शाळेत घातांक शिकताना ज्यांनी 'याचा उपयोग काय' असे विचारले होते (त्यांत मीही होते), त्यांनी कुलपात डोकावावे.

बिघाडही सापडला. तिसऱ्या पट्टीची स्प्रिंग तुटली होती. त्यामुळे ती पट्टी खाली बसत नव्हती. वाळून डिंकासारख्या झालेल्या जुन्या तेलात वरच चिकटून राहिली होती. किल्ली अगदी खरी, पण आतली एक पट्टी जागेवर नाही, म्हणून सारे अडलेले. गाईड पाठ करूनही उत्तर न सुचणाऱ्या विद्यार्थ्याची मला इथे आठवण झाली, हे कबूल करते.

स्प्रिंग तुटणे हा लिव्हरच्या कुलपाचा जुनाच आजार आहे, आणि त्यावर औषध शोधणारा माणूस आपल्या मुंबईतच होऊन गेला. अर्देशिर गोदरेज हे शिक्षणाने वकील. वकिलीत त्यांचे मन रमले नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा उद्योगही त्यांना सोडावा लागला. मग मुंबईतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून ते कुलपांकडे वळले आणि १८९७ साली लालबागला त्यांनी कुलपे बनवायला सुरुवात केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी स्प्रिंगशिवाय चालणारे लिव्हरचे कुलूप तयार करून त्याचे पेटंटही घेतले. जी वस्तू हटकून तुटते ती अधिक मजबूत करण्याऐवजी तिच्याविनाच काम चालवता येईल का, असा विचार ज्याने कुलपे खोलून पाहिली आहेत त्यालाच सुचू शकतो. तो सुचला एका कायद्याच्या पदवीधराला, ही गोष्ट आपण कला शाखेच्या मंडळींनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

याच उद्योगातील दुसरी कथा मला याहूनही मोलाची वाटते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या हव्या होत्या. त्यांतील सुमारे १२ लाख पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. एका पेटीची किंमत ठरली होती पाच रुपये, आणि प्रत्येक पेटीला बाहेरून निराळे कुलूप लावायचे तर ती किंमत परवडणारी नव्हती. तेव्हा पेटीच्या आतच बसणारे कुलूप योजले गेले. ही युक्ती काढली नाथालाल पांचाळ या कारखान्यातल्या कामगाराने. राज्यशास्त्राच्या तासाला आपण प्रौढ मताधिकारावर पानेच्या पाने लिहितो. पण त्या मताधिकाराचे पहिले कुलूप एका हातकाम करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघाले, हे आपल्या उत्तरपत्रिकेत कधी येते का?

येत नाही. कारण डोक्याने काम करणारा वरचा आणि हाताने काम करणारा खालचा, ही उतरंड आपल्या मनात फार खोल रुजली आहे. बलुतेदारीत लोहार-सुतारांवाचून गावाचे पान हलत नव्हते. पण त्यांचे ज्ञान हे 'ज्ञान' म्हणून कोणी पोथीत लिहून ठेवले नाही. आजही तेच चालू आहे. नारायणगावच्या बाजारात किल्ल्या करून देणारे एक काका रस्त्याच्या कडेला बसतात. माझ्या कुलपाची स्प्रिंग बसवून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. किल्ली हरवलेले बंद कुलूप ते कसे उघडतात ते मी तिथे पाहिले. कोरी किल्ली आत घालायची, हलक्या हाताने फिरवायची, बाहेर काढून उजेडात धरायची. जिथे पट्टी अडली तिथे किल्लीवर बारीकशी खूण उमटते. तिथेच कानस मारायची, पुन्हा घालायची, पुन्हा पाहायची. पंधरा-वीस फेऱ्यांत किल्ली तयार. कुलूप न खोलता आतले सारे त्यांना दिसत होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, जोर नाय करायचा. ते कुठं अडतंय ते तेच सांगतं." अनुमान आणि पडताळा यांवर तर्कशास्त्राच्या पुस्तकात जे सांगितले आहे, ते मला इथे दगडावर बसलेले दिसले. या गृहस्थांना आपण 'अडाणी' म्हणतो आणि स्वतःला 'सुशिक्षित'!

आता आजीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो अनेक शहाण्यासुरत्या लोकांचाही प्रश्न आहे. कुलपाचे गुपित सर्वांना सांगितले तर चोरांचेच फावणार नाही का? हा वाद नवा नाही. १८१७ साली पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. मग १८१८ मध्ये जेरेमाया चब याने असे लिव्हरचे कुलूप केले, की कुणी एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली तर ती वरच अडकून बसे आणि कुलपाशी कोणीतरी खेळले आहे हे मालकाला कळे. कुलपे बनवण्याचा धंदा केलेल्या एका कैद्याला, हे उघडलेस तर सुटका आणि वर बक्षीस, असे सांगण्यात आले. दोन-तीन महिने झटूनही त्याला ते जमले नाही. साऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला आणि त्याने तेच चबचे कुलूप साक्षीदारांसमक्ष सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. ब्रामा कंपनीच्या दुकानात अनेक वर्षे आव्हान म्हणून मांडून ठेवलेले कुलूप त्याने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले आणि २०० गिनींचे बक्षीस मिळवले.

लंडनमध्ये मोठा गहजब झाला. या माणसाने लोकांची झोप उडवली, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते. चोर आपल्या धंद्यात हुशारच असतो. त्याला कुलपाचे वर्म आधीच ठाऊक असते. गुपित राहते ते केवळ भल्या माणसापासून, आणि तो बिचारा कच्च्या कुलपाच्या भरवशावर झोपतो. या बोभाट्यानंतर इंग्लंडमधील कुलूपवाल्यांना कुलपे सुधारावी लागली. चांगले कुलूप कोणते? ज्याची आतली रचना सर्वांना माहीत असूनही किल्लीवाचून जे उघडत नाही, ते. माझ्या मते संस्थांना, परीक्षांना आणि शासनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. 'आत काय चालते ते विचारू नका' असे जिथे सांगावे लागते, तिथे एखादी स्प्रिंग तुटलेली असण्याचा संभव अधिक.

अर्थात खोलण्याला मर्यादा आहेत. वस्तू आपली असावी किंवा धन्याची परवानगी असावी. जी खोलली ती पुन्हा जोडण्याची जबाबदारी आपली. दुसऱ्याच्या दाराला हात लावणारा खोलत नसतो, फोडतच असतो. ही नीती कारागिरांना न शिकवता कळते. बाजारातले ते काकाही कुलूप हातात घेण्याआधी ते कोणाचे, हे विचारून घेत होते.

आमच्या गावाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. खोडद म्हटले की आता जगातल्या खगोलशास्त्रज्ञांना महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आठवते. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरते आणि शाळा-कॉलेजांची मुले गर्दी करतात. पण आपण बहुतेकजण तिथे जातो ते देवदर्शनाला गेल्यासारखे. मान वर करून पाहायचे, 'केवढी मोठी!' म्हणायचे, फोटो काढायचा आणि परतायचे. काखेत कळसा असून आपण गावालाच वळसा घालीत राहतो.

वास्तविक या तबकडीचे इंगित समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. ती भरीव पत्र्याची नाही. पोलादी दोरांवर ताणून बसवलेली तारेची जाळी आहे. जाळीची भोके एक ते दोन सेंटीमीटरची. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी ही दुर्बीण ऐकते त्या याहून कितीतरी लांब, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे सलग भिंतच. चाळणीच्या भोकातून पीठ पडते आणि कोंडा वर राहतो, तसा प्रकार. वारा मात्र भोकांतून निघून जातो. म्हणून सांगाडा हलका झाला, खर्च वाचला, आणि आपल्या देशाला एवढ्या मोठ्या तीस तबकड्या परवडल्या. जे पट्ट्यांच्या बाबतीत बॅरनने आणि स्प्रिंगच्या बाबतीत अर्देशिर यांनी केले, तेच इथे झाले: काय खरोखर लागते आणि काय उगाच चालत आले आहे, याची छाननी. आमच्या घरच्या कुलपापासून या तबकड्यांपर्यंतची वाट एकच आहे. मात्र 'हे आपल्या आवाक्यातले नाही' असे म्हणत हात जोडून उभे राहिलो, तर ती वाट दिसत नाही.

ही वाट आता आणखी बिकट होत आहे. हल्लीच्या वस्तू खोलता येऊ नयेत अशाच बनवलेल्या असतात. मोबाईलची पाठ चिकटवलेली, स्क्रू असलाच तर त्याला लागणारा पेचकस बाजारात सहज न मिळणारा. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा हक्क असावा यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली, हे बरेच झाले. पण हक्क मिळाला तरी तो वापरायला हात लागतात आणि जिज्ञासा लागते. ज्या पिढीने लहानपणी घड्याळ, टॉर्च, कुलूप यांपैकी काहीच खोलून पाहिले नाही, ती हक्क घेऊन करणार काय?

आजीचा पहिला प्रश्न राहिला. पोरीच्या जातीने हे करावे काय? आमच्या घरात धान्याच्या खोलीची किल्ली आजीच्याच कमरेला असे. घरोघरी किल्ल्या बायकांच्या कमरेला आणि कुलपाची दुरुस्ती पुरुषांकडे, ही वाटणी कोणी केली कोण जाणे. स्प्रिंग बसवून कुलूप पुन्हा जोडले, चकचकीत झाले, तेव्हा आजीने ते दहादा लावून-उघडून पाहिले आणि मग विचारले, "आन् ह्या पट्ट्या एवढ्या कशाला गं?" मला तेवढे उत्तर पुरेसे होते.

म्हणून प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. तीत खर्च फारसा नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल ठेवावे. त्यावर एक कानस, एक पक्कड, दोन-तीन पेचकस आणि घरोघरी निकामी पडलेल्या वस्तू असाव्यात: कुलूप, गजराचे घड्याळ, शिलाई यंत्राचा डबा, सायकलचा डायनामो. ज्याला वाटेल त्याने खोलावे. अट दोनच: पुन्हा जोडून ठेवायचे, आणि आत काय पाहिले ते शुद्ध मराठीत एक पान लिहायचे. अडसर, खुंटी, खाच, पट्टी असे नेमके शब्द शोधताना भाषेचाही जो कस लागतो तो निबंधाच्या ठरावीक विषयांत लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि वर्षातून एकदा वाङ्मय मंडळाच्या व्यासपीठावर, हार-नारळ देऊन, बाजारातल्या त्या किल्लीवाल्या काकांना किंवा त्यांच्यासारख्या एखाद्या लोहाराला, सुताराला व्याख्यानासाठी बोलवावे. त्यांना भाषण जमणार नाही अशी शंका असेल तर टेबलावर एक बंद कुलूप ठेवावे आणि आपण सर्वांनी शांतपणे पाहावे. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी त्यातून पाच-सात लेख सहज निघतील. आमचे कुलूप त्या टेबलासाठी द्यायला मी तयार आहे. फक्त आजीची परवानगी तेवढी काढावी लागेल.